इटालिक म्हणजे तिरके केलेले अक्षर नव्हे

दुकानांच्या पाट्या मराठीत असल्याच पाहिजेत आणि त्यांवरील मराठी अक्षरे इतर कोणत्याही लिपीतील अक्षरांपेक्षा आकाराने लहान असता कामा नयेत, अशी दुरुस्ती महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि मुंबईतील बाजारपेठांमध्ये पाट्या बदलण्याची एकच घाई उडाली. या नव्या पाट्यांपैकी दागिन्यांच्या, केकच्या आणि लग्नाच्या कपड्यांच्या दुकानांच्या पाट्या जरा थांबून पाहाव्यात. इंग्रजी नाव उजवीकडे झुकलेल्या, नाजूक, हाताने लिहिल्यासारख्या अक्षरांत असते. तेच नाव मराठीत आकाराच्या नियमात चोख बसते, पण ते संगणकावर ढकलून तिरके केलेले असते आणि त्यात डौल नसतो. अक्षरकलेचे शिक्षण न घेतलेल्या माणसालाही हा फरक जाणवतो. दोन्हीकडे इटालिकच तर वापरले, मग एक देखणे आणि दुसरे अवघडलेले का, हे मात्र सांगता येत नाही.

कायदा आकाराबद्दल बोलतो, वळणाबद्दल बोलत नाही, आणि तसे त्याने बोलावे अशी अपेक्षाही नाही. ते काम पाटी रंगवणाऱ्याचे, डीटीपी करणाऱ्याचे आणि पैसे देऊन पाटी करून घेणाऱ्याचे आहे. त्यासाठी इटालिक ही मुळात काय वस्तू आहे, हे समजून घ्यायला हवे.

## प्रमाणपत्रावरचे ओळखीचे अक्षर

मोनोटाइप कॉर्सिव्हा हे नाव फार थोड्यांनी ऐकलेले असेल, पण ते अक्षर पाहिलेले नाही असा शिकलेला मुंबईकर सापडणे कठीण. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेचे प्रमाणपत्र, सोसायटीच्या स्नेहसंमेलनाचे निमंत्रण, इंग्रजी लग्नपत्रिका, हॉटेलातील मेनू कार्ड, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला दिलेले मानपत्र या सर्वांवर गेली अनेक वर्षे हेच अक्षर दिसते. पॅट्रिशिया सॉन्डर्स यांनी ते १९९० च्या दशकाच्या आरंभी मोनोटाइप या कंपनीसाठी रेखाटले, पुढे ते मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर संगणकांवर आले आणि गल्लोगल्लीच्या डीटीपी केंद्रांत पोहोचले. त्याच घराण्यातला त्याआधीचा प्रसिद्ध फॉन्ट म्हणजे जर्मन अक्षरकार हर्मन झाप्फ यांचा १९७९ चा झाप्फ चॅन्सरी, जो १९८६ मध्ये आलेल्या ॲपलच्या लेझररायटर प्लस या प्रिंटरमध्येच बसवलेला होता.

या घराण्याला चॅन्सरी इटालिक म्हणतात. चॅन्सरी म्हणजे राजाचे किंवा धर्मपीठाचे पत्रव्यवहाराचे दफ्तर, आणि त्या दफ्तरातील लेखनिकांच्या हस्ताक्षरावर बेतलेले छपाईचे अक्षर म्हणजे चॅन्सरी इटालिक.

आता कॉर्सिव्हामधील इंग्रजी एन हे छोटे अक्षर मोठे करून बघा. साध्या उभ्या पुस्तकी अक्षरात एनची उभी दांडी आधी पुरी होते आणि कमान तिच्या माथ्यापाशी वेगळी जोडलेली दिसते. कॉर्सिव्हात तसे होत नाही. लेखणी दांडी ओढून खाली येते, तिथून न उचलता त्याच रेषेवरून वर चढते, अर्ध्या वाटेवर दांडीपासून अलग होते आणि कमान घेऊन पुन्हा खाली उतरते. म्हणून कमानीच्या आतली पोकळी वर निमुळती आणि तिरपी दिसते. एम, एच, यू ही अक्षरेही याच हालचालीतून निघतात. उभ्या अक्षरातील ए डोक्यावर छत्र असलेला, दुमजली असतो, तर इथे तो एका झटक्यात लिहिलेला, एकमजली होतो. एफ ओळीच्या खाली पाय सोडतो. अक्षरे अरुंद असतात, त्यामुळे ओळीत दाटीने बसतात. प्रत्येक अक्षराला लेखणी टेकल्याची एक बारीक सुरुवात आणि लेखणी सुटल्याचे एक बारीक शेपूट असते, आणि त्या शेपटांमुळेच शेजारची अक्षरे एकमेकांकडे झेपावतात.

या सर्व गुणांत झुकाव हा सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. झुकाव जवळजवळ काढून टाकला तरी वर सांगितलेल्या खुणा असतील तर ते अक्षर इटालिकच राहते. इंग्रज शिल्पकार व अक्षरकार एरिक गिल यांच्या जोआना या फॉन्टचे इटालिक इतके कमी झुकलेले आहे की पटकन ते सरळच वाटते, आणि तरीही त्याला कोणी उभे अक्षर म्हणणार नाही.

## घाईने लिहिणाऱ्या हातांची देणगी

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्समध्ये निकोलो निकोली नावाचा एक ग्रंथवेडा विद्वान जुन्या लॅटिन ग्रंथांच्या नकला करीत असे. नकला पुष्कळ करायच्या आणि वेळ थोडा, म्हणून त्याने लेखणी कमीत कमी उचलावी लागेल असे एक चपळ, किंचित झुकलेले वळण वापरले. ते वळण पसरत रोममध्ये पोपच्या दफ्तरात गेले आणि तिथल्या लेखनिकांनी त्याला घाटदार केले. वेग हवा, पण समोर जाणारे पत्र एखाद्या राजाच्या हातात पडणार असल्याने देखणेपणही हवे, अशा दुहेरी गरजेतून हे अक्षर घडले. वेग आणि अदब या दोन्ही गोष्टी त्यात आजही एकत्र दिसतात, त्या यामुळे.

छापखान्यात ते आले व्हेनिसला. आल्दुस मानुतिउस या प्रकाशकाने फ्रान्चेस्को ग्रिफो या ठसे कोरणाऱ्या कारागिराकडून या वळणाचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, करवून घेतले आणि १५०१ मध्ये महाकवी व्हर्जिलच्या काव्याचे, हातात सहज मावेल अशा आकाराचे पुस्तक संपूर्णपणे त्यांत छापले. इटालिक जागा वाचवण्यासाठी निघाले, असे सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही, परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की त्या काळच्या सुशिक्षित वाचकाला ती पाने आपल्याच मित्राने हाताने उतरवून दिल्यासारखी वाटत असली पाहिजेत. त्या पुस्तकात मोठी अक्षरे, म्हणजे कॅपिटल्स, अगदी सरळ उभी होती, आणि झुकाव हा इटालिकचा प्राण नाही याचा हा पाचशे वर्षांपूर्वीचा पुरावा आहे. ठसे कोरणारा ग्रिफो मात्र आल्दुसशी बिनसल्यावर व्हेनिस सोडून गेला. इतिहासात प्रकाशकाचे नाव मोठे झाले. कारागिराचे नाव त्यामानाने थोड्यांनाच ठाऊक आहे, आणि हे आपल्याकडेही वेगळे नाही.

त्यानंतर १५२२ हे साल घातलेली, लाकडी ठशांवरून छापलेली एक छोटी पुस्तिका रोममध्ये निघाली. लुडोविको देली अर्रीगी या, पोपच्या दफ्तरात काम केलेल्या लेखनिकाचा तो कित्ता होता. बोरू कसा धरावा, पहिली रेघ कोणती, कमान कुठून काढावी, हे तो एकेका अक्षराने शिकवतो. कॉर्सिव्हा ज्या वळणावर बेतला आहे ते हेच अर्रीगीचे वळण. वक्तृत्व स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर आपल्या मुलीचे नाव ज्या अक्षरात छापून येते, त्याच्या मुळाशी पाचशे वर्षांपूर्वीचा एक कित्ता आहे.

## चिटणिशी वळण

दफ्तराच्या गरजेतून घडलेले जलद आणि डौलदार अक्षर ही गोष्ट मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे ती मोडी लिपीच्या रूपाने शेकडो वर्षे नांदली. बाळबोध, म्हणजे आज आपण छापतो ती देवनागरी, पोथ्यांसाठी आणि सावकाश वाचनासाठी. राज्यकारभार, हिशेब, वतनाचे कागद, सावकारी खाती यांसाठी मोडी. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर लिहीत जाई. त्या ओघात बाळबोधीतील कोपरे गोल झाले, काने पुढच्या अक्षरात वळले आणि कित्येक अक्षरांची रूपेच बदलली. रोमन उभ्या अक्षरापासून इटालिक ज्या कारणाने वेगळे झाले, त्याच कारणाने बाळबोधीपासून मोडीची अक्षरे दूर गेली, फक्त ती कितीतरी अधिक दूर गेली.

शिवकाळात मोडीचे चिटणिशी वळण घडले. छत्रपती शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या घराण्याच्या नावाशी ते जोडले गेले आहे. पेशवाईत त्याच्या जोडीला बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी इतर वळणे रुजली. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचा पुराभिलेख विभाग आहे आणि तिथे मोडी कागदांचा मोठा साठा आहे. असा एखादा कागद नीट पाहिला तर लक्षात येते की त्यातला डौल कोणत्याही एका अक्षरात नसतो, तो एका अक्षरातून दुसऱ्यात जाण्याच्या रीतीत असतो.

मोडीचे खिळेही पाडले गेले होते. श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी १८१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठी कोशात मराठी शब्द मोडीत छापलेले आहेत. पण छपाईसाठी पुढे बाळबोधच स्थिरावली. काळबादेवीच्या कोलभाट लेनमध्ये जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवनागरीचे जे सुबक खिळे घडवले, त्यांनी तर छापील मराठीचे रूपच ठरवून टाकले. मोडी हाताची राहिली आणि छापील बाळबोधीपुढे मागे पडली. युरोपात दफ्तरी वळण छापखान्यात शिरले आणि उभ्या अक्षराचा जोडीदार बनले. आपल्याकडे दोन्ही वळणांची फारकत झाली. मराठी संगणकावर इटालिकच्या बटणामागे खरे इटालिक का नसते, याचे ऐतिहासिक कारण बरेचसे इथे आहे.

## बटण दाबल्यावर नेमके काय होते

फॉन्टमध्ये इटालिक अक्षरे स्वतंत्रपणे रेखाटलेली असतील तर इटालिकचे बटण ती अक्षरे आणून ठेवते. ती नसतील तर संगणक उभ्याच अक्षराचा पाया धरून ठेवतो आणि माथा उजवीकडे ढकलतो. विंडोजवर अनेक वर्षे मराठीचा मुख्य फॉन्ट असलेला मंगल घ्या. मुंबईचे थोर अक्षरकार र. कृ. जोशी यांचे ते काम. त्यात साधे आणि ठळक अशी दोनच रूपे आहेत, इटालिक नाही. म्हणजे मंगलमध्ये मजकूर निवडून ते बटण दाबले की जे दिसते ते जोशींनी रेखाटलेले नसते, यंत्राने ढकललेले असते. पाचवारी साडीचा ओचा वर खोवला म्हणून ती नऊवारी होत नाही, कारण नऊवारीची नेसणच मुळातून वेगळी असते. इटालिकचेही तसेच आहे.

या ढकलण्याने देवनागरीची हानी रोमनपेक्षा अधिक होते, आणि तिची कारणे सरळ भूमितीची आहेत.

पहिले कारण शिरोरेषा. अक्षर असे ढकलले की उभ्या रेघा कलतात, पण आडव्या रेघा आडव्याच राहतात. रोमन ओळीचा माथा मुळातच खालीवर असतो, त्यामुळे कल ओळभर खेळता राहतो. देवनागरीत मात्र माथ्यावरून एक जाड, सलग, आडवी रेघ जाते. ती जागची हलत नाही आणि खालचे सगळे काने कलंडतात. डोळ्याला एकाच शब्दात दोन वेगवेगळ्या सूचना मिळतात.

दुसरे कारण मात्रा आणि उकार. जो भाग जितका उंच, तितका तो अधिक सरकतो, आणि पायाखालचा भाग उलट डावीकडे जातो. कल १२ अंशांचा असेल, तर एक फूट उंचीच्या अक्षराचा माथा पायापेक्षा सुमारे साडेसहा सेंटिमीटर उजवीकडे सरकतो. ‘गुरुकृपा ज्वेलर्स’ अशी पाटी डोळ्यांसमोर आणा. ‘र्स’वरचा रफार शिरोरेषेपेक्षा उंच असल्याने तिच्या शेवटापलीकडे जाऊन लोंबतो आणि ‘गु’चा उकार डावीकडे सरकून आपल्या अक्षराखालून निसटतो. मध्ये कुठे वेलांटीला खेटून अनुस्वार असेल, तर तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर गेल्यासारखा वाटतो.

तिसरे कारण सर्वांत सूक्ष्म आहे आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. चपट्या टोकाच्या लेखणीने लिहिताना एका दिशेची तिरपी रेघ जाड येते आणि दुसऱ्या दिशेची बारीक. रोमन लिहिताना वर डावीकडून खाली उजवीकडे येणारी रेघ जाड पडते. देवनागरीच्या बोरूचा काप याच्या उलट असतो, म्हणून आपल्याकडे वर उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ जाड पडते. आता अक्षर उजवीकडे ढकलले की यातली पहिल्या दिशेची रेघ आखूड होऊन जाड होते आणि दुसऱ्या दिशेची लांब होऊन बारीक होते. रोमनमध्ये यामुळे जाड रेघ आणखी जाड आणि बारीक रेघ आणखी बारीक होते, म्हणजे अक्षर थोडे भडक झाले तरी त्याचा स्वभाव टिकतो. देवनागरीत जाड होती ती बारीक होते आणि बारीक होती ती जाड. बोरूने दिलेला जाडबारीकपणाचा ताल पुसला जातो आणि अक्षर मळल्यासारखे, निर्जीव दिसते. पाटी पाहताना जे काहीतरी खटकते पण सांगता येत नाही, ते पुष्कळदा हेच असते.

## पण आमच्या आजोबांचे अक्षर तर तिरकेच होते

हा आक्षेप रास्त आहे. पुष्कळ मराठी माणसांचे हस्ताक्षर झुकलेले असते आणि ते सुंदरही असते. परंतु जुनी पत्रे काढून पाहिली तर दिसेल की हात तिरका चालू लागला की तो इतर गोष्टीही बदलतो. शिरोरेषा अक्षरागणिक तुटते, किंचित वर चढते किंवा पार गळते. काना खाली येऊन पुढच्या अक्षराकडे वळतो. वेलांटी सैल होते. कल आला तो या सगळ्याबरोबर आला, एकटा आला नाही. म्हणून तो सहज वाटतो.

देवनागरीला खरे इटालिक मिळूच शकत नाही, असे म्हणणे त्यामुळे चूक ठरेल. इंडियन टाइप फाउंड्रीचा कलम हा फॉन्ट हस्ताक्षरावर बेतलेला आहे आणि त्याची देवनागरी सुरुवातीपासूनच थोडी झुकती रेखाटलेली आहे. टायरो देवनागरी मराठी या फॉन्टला स्वतंत्र इटालिक रूप आहे, शिवाय मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ त्यात मूळचेच आहेत; हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये नेमकी हीच दोन अक्षरे नेहमी खटकतात. हे दोन्ही फॉन्ट विनामूल्य मिळतात. आणि अच्युत पालव यांच्यासारख्या अक्षरकारांनी देवनागरी आणि मोडी यांना एकत्र खेळवून जे काम केले आहे ते पाहिले की या लिपीत ओघ आणण्यासाठी परक्या बटणाची गरज नाही, याची खात्री पटते. जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकलेल्या आणि मोडीचा खोल अभ्यास केलेल्या पालवांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, याचा अक्षरांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला आनंद झाला असेल. मलाही झाला.

## सरळ अक्षर थोडे कलवले तर बिघडले कुठे, असे तज्ज्ञही म्हणाले होते

मोनोटाइप कंपनीचे सल्लागार आणि छपाईचे मोठे जाणकार स्टॅन्ली मॉरिसन यांनी १९२६ मध्ये असेच प्रतिपादन केले होते की पुस्तकातील इटालिक म्हणजे शुद्ध कललेले रोमन असावे, कारण हस्ताक्षराचा नखरा उभ्या अक्षराशेजारी विसंगत दिसतो. तर्क चोख होता, पण व्यवहारात तो टिकला नाही. त्याच सुमारास गिल यांनी मोनोटाइपसाठी केलेल्या पर्पेचुआ या फॉन्टला जे इटालिक अखेर लाभले, त्यात हस्ताक्षराची वळणे परत आलीच. हेल्व्हेटिकासारख्या, टोकांना पाय नसलेल्या आणि सर्वत्र सारख्या जाडीच्या अक्षरांत मात्र कललेले रूप बऱ्यापैकी चालते, कारण तिथे लेखणीचा ताल मुळातच दाबलेला असतो. देवनागरीतही एकसारख्या जाडीच्या फॉन्टवर बटणाचा परिणाम तुलनेने कमी विद्रूप होतो. तरी शिरोरेषा आणि मात्रांची अडचण तिथेही सुटत नाही.

## कुठे वापरावे आणि कुठे हात आवरावा

कॉर्सिव्हासारखे अक्षर समारंभाचे आहे. निमंत्रणावरील वधूवरांची नावे, प्रमाणपत्रावरील विजेत्याचे नाव, मेनू कार्डावरील विभागांची शीर्षके, पुस्तकाच्या आरंभीची अर्पणपत्रिका, चार ओळींची कविता, अशा थोडक्या मजकुरात ते खुलते. मुंबईत होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे संपूर्ण ओळ कॅपिटल अक्षरांत लावणे. या फॉन्टच्या कॅपिटल्सना लांब झोके दिलेले आहेत आणि ती शब्दाच्या आरंभी एकेकटी बसावीत म्हणूनच रेखाटलेली आहेत. सलग दहा कॅपिटल्स लावली की प्रत्येकीचा झोका शेजारणीत अडकतो, आणि नाव वाचताना पाहुणा अडखळतो. दुसरी चूक म्हणजे अक्षरांमध्ये अंतर वाढवणे. एकमेकांकडे झेपावणारी शेपटे तुटली की या अक्षराचे प्रयोजनच संपते.

आकाराचाही विचार हवा. चॅन्सरी इटालिकमध्ये छोट्या अक्षरांचे पोट लहान आणि वरखालच्या दांड्या लांब असतात, त्यामुळे १२ पॉइंटचा कॉर्सिव्हा शेजारच्या १२ पॉइंटच्या साध्या अक्षरापेक्षा लहान दिसतो. तो एकदोन पॉइंट वाढवून घ्यावा आणि दोन ओळींमध्ये मोकळी जागा ठेवावी. सोनेरी फॉइलमध्ये किंवा स्क्रीन प्रिंटिंगमध्ये त्याच्या बारीक रेघा तुटतात, म्हणून एक प्रत हातात घेऊन पाहिल्याशिवाय सगळी कार्डे छापायला सांगू नयेत. पाटीसाठी ॲक्रिलिकची अक्षरे कापताना हीच अडचण दुप्पट होते. धावत्या बसमधून वाचल्या जाणाऱ्या पाटीवर तर हे अक्षर न घेतलेलेच बरे.

लग्नपत्रिकेत ‘आमचे येथे श्री कृपेकरून’ ही ओळ आणि चि. व चि. सौ. कां. यांची नावे वळणदार अक्षरात असावीत, पण मुहूर्ताची वेळ, कार्यालयाचा पत्ता आणि फोन क्रमांक साध्या, उभ्या, स्वच्छ अक्षरातच हवेत. प्रमाणपत्राचा सगळा मजकूर इटालिकमध्ये लावण्याची पद्धत आहे, तीही सोडावी. सगळेच अक्षर सजलेले असेल तर ज्याचा सन्मान करायचा ते नाव वेगळे उठून कसे दिसणार? शिवाय ज्यांना वाचनात अडचण आहे त्यांचाही विचार करावा लागतो. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन आपल्या मार्गदर्शनात इटालिक टाळण्याचाच सल्ला देते.

मराठी मजकुरात एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल तर त्यासाठी इटालिकची गरजच नाही. आपल्या छापखान्यांची जुनी साधने अजून उत्तम आहेत. ठळक टाइप, एकेरी अवतरणचिन्ह किंवा थोडा मोठा आकार यांपैकी एक पुरते.

## एवढी बारकाई बघतो कोण

पाटी करून घेणारे हे हमखास विचारतात. ग्राहक अक्षराकडे पाहत नाही, हे खरे आहे, पण तो अक्षरातून दुकानाकडे पाहतो. इंग्रजी नाव समारंभी वळणात आणि मराठी नाव यंत्राने ढकललेले असेल, तर कोणते नाव प्रेमाने लिहिले आणि कोणते केवळ दंड चुकवण्यासाठी, हे न सांगता कळते. माझ्या मते कायद्याचा हेतू अर्धवट सफल होतो तो इथेच. मराठी आकाराने मोठी झाली, पण मानाने नाही.

आणि यावरचा उपाय खर्चिक नाही. इंग्रजीत चॅन्सरी इटालिक असेल तर मराठीसाठी बोरूच्या वळणाचा, जाडबारीकपणा स्पष्ट असलेला उभा फॉन्ट घ्यावा आणि दोन्हींतील जाड रेघांची जाडी डोळ्याला सारखी दिसेल इतका आकार जुळवावा. कल जुळवायच्या नादी लागू नये. चार पैसे अधिक खर्च करता येत असतील तर मराठी नाव अक्षरकाराकडून हाताने लिहून घ्यावे. दुकानाचे नाव एकदाच लिहून घ्यायचे असते आणि ते वर्षानुवर्षे डोक्यावर राहते.

याच्या उलट वाटही आहे. मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून यात्रा वन नावाचा फॉन्ट तयार झाला, आणि त्यात इंग्रजी अक्षरेही देवनागरीच्या कुंचल्याच्या कोनाने काढलेली आहेत. त्यामुळे इंग्रजी नाव थोडे अनोखे दिसते खरे, पण मराठी नावाशेजारी ते एकाच हाताने लिहिलेले वाटते. समारंभी नाजूकपणा त्यात नाही, तेव्हा दागिन्यांच्या दुकानाला तो शोभणार नाही. उपाहारगृह, पुस्तकांचे दुकान, नाट्यमंडळ यांना मात्र तो उत्तम शोभेल, आणि पुढच्या वेळी डीटीपी केंद्रात पाटीचे किंवा पत्रकाचे प्रूफ पाहताना ऑपरेटरला तो एकदा लावून दाखवायला सांगावा, इटालिकचे बटण न दाबता.